‘रक्त बोलतंच’ वाल्या फॉरवर्डला एकदाचं उत्तर

हा फॉरवर्ड मला पहिल्यांदा आला तो गेल्या वर्षी, घरच्या ग्रुपवर, थोरल्या काकांकडून. तेव्हा गप्प बसले. माझ्या डीएडची फी काकांनी भरलीय, त्यांच्याशी चाळीस माणसांसमोर वाद घालायचा आणि मग चवथीला त्याच घरात गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला जायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. पण परवा तोच फॉरवर्ड आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर आला, खाली नव्याने चिकटवलेली एक ओळ घेऊन, आणि तिघांनी त्याला हात जोडले. शिक्षकांनी! दिवसभर मुलांना ‘घडवतो’ म्हणून पगार घेणाऱ्यांनी! तेव्हा आता लिहितेच, काका वाचतील तर वाचोत.

ज्यांना तो मिळालेला नाही (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मथळा, ‘रक्त बोलतंच! विज्ञानाने मान्य केलेलं कटू सत्य’. सुरुवातीला प्रश्न, माणूस मुळात चांगला, मुळात वाईट की संस्कारांनी घडतो? आणि लगेच उत्तर, की संस्कार म्हणजे वरचा रंग, माणूस मुळातच वाईट आणि कोण किती वाईट ते रक्तात लिहिलेलं. मग पुरावे: डेन्मार्कची दत्तक मुलं, ‘खुनी जीन’, अमेरिकेतली जुळी, बंगालमधल्या लांडग्यांनी वाढवलेल्या मुली, अमेरिकेतला खोटा तुरुंग, आणि कर्ण. शेवटी उपदेश, की म्हणून परक्याचं मूल घरात आणू नका, आश्रमाला देणगी द्या, पुण्य तेवढंच. आणलंच तर पहिल्या दिवसापासून धाकात ठेवा. नवी चिकटवलेली ओळ खास आपल्या गोव्यासाठी, ‘आश्रमातली बहुतेक मुलं भायल्यांची (म्हणजे बाहेरून आलेल्यांची) असतात, हेही लक्षात घ्या.’

काकांनी हे कधी पाठवलं तेही सांगायला हवं. माझा धाकटा भाऊ आणि भावजय यांनी दत्तकासाठी सरकारी पोर्टलवर नाव घातल्याला तीन वर्षं होऊन गेली होती. एका मंगळवारी सकाळी फोन वाजला. ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांना सांगते, मुलाची माहिती, फोटो, मेडिकल रिपोर्ट येतो आणि तिथून ४८ तासांत तुम्ही हो म्हणायचं असतं, नाहीतर ते मूल यादीतल्या दुसऱ्या कुणाकडे जातं. सोळा महिन्यांचा मुलगा. भावाने आनंदाच्या भरात घरच्या ग्रुपवर टाकलं (चूक त्याचीच), आणि संध्याकाळी काकांचा हा फॉरवर्ड. खाली काकांनी स्वतः टाइप केलेलं, ‘रगत उलयता (रक्त बोलतं). घाई करू नका.’ भावजय रात्री मला फोनवर म्हणाली, ताई, फोटो परत परत बघतेय, त्याच्या डोळ्यांत काही दिसतं का ते शोधतेय. सोळा महिन्यांच्या पोराच्या डोळ्यांत! एवढं करून ठेवलं त्या मेसेजने.

तर आता मुद्दे. फॉरवर्डच्या क्रमाने जाणार नाही, आधी सगळ्यात हास्यास्पद घेते.

लांडग्यांच्या मुली. फॉरवर्ड म्हणतो की बंगालमध्ये मिदनापूरला १९२० मध्ये अमला आणि कमला नावाच्या दोन मुली लांडग्यांच्या गुहेत सापडल्या, त्या चार पायांवर चालायच्या, कच्चं मांस खायच्या, रात्री ओरडायच्या, ‘यावरून सिद्ध होतं की माणूस मुळात जनावर आहे’. अहो, जरा थांबा. मथळा काय होता? रक्त बोलतं. मग त्या मुलींचं रक्त कुणाचं होतं, माणसाचं ना? मग ते का नाही बोललं? माणसाचं रक्त असून लांडग्यांत राहून त्या लांडग्यांसारख्या झाल्या असतील, तर ही गोष्ट अख्ख्या फॉरवर्डच्या उरावर बसते, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या म्हणतात तीच गोष्ट ही, आणि हे लिहिणाऱ्याला कळलं नाही, पाठवणाऱ्या हजारोंना कळलं नाही, आणि आमच्या तीन शिक्षकांनाही कळलं नाही. स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेऊन वर ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

बरं, गोष्ट तरी खरी आहे का? अनाथालय चालवणारे पाद्री जे. ए. एल. सिंग यांची डायरी हाच काय तो मुख्य आधार. अमला १९२१ मध्ये गेली, कमला १९२९ मध्ये, आणि डायरी छापून आली १९४२ मध्ये. पुढे सर्ज आरोल नावाच्या फ्रेंच सर्जनने जुनी कागदपत्रं शोधून काढून ती डायरी रोजच्या रोज लिहिलेली नसून मागाहून रचलेली आहे असं मांडलं. त्या दोघी बहुधा आजारी, अपंग, कुणीतरी टाकून दिलेल्या पोरी होत्या असंच आज बहुतेक अभ्यासकांना वाटतं. म्हणजे टाकलेल्या दोन पोरींवर शंभर वर्षं लांडग्याचा शिक्का, आणि त्याच शिक्क्याने आज दुसऱ्या टाकलेल्या पोरांना घर नाकारायचं.

खोट्या तुरुंगाचं तसंच. १९७१ मध्ये स्टॅनफर्डला झिम्बार्डो नावाच्या प्रोफेसरने कॉलेजची पोरं घेतली, काहींना कैदी केलं, काहींना पहारेकरी, दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत बंद करावा लागला. फॉरवर्ड म्हणतो ‘मुखवटा गळून पडला’. एक तर चांगल्या घरातली पोरं तुरुंगात टाकल्यावर बिघडली हा पुरावा रक्ताचा की परिस्थितीचा, हे चौथीतलं पोर सांगेल. आणि दुसरं म्हणजे ल टेक्सिए नावाच्या संशोधकाने त्या प्रयोगाची जुनी रेकॉर्डिंग आणि कागद उकरून २०१९ मध्ये दाखवून दिलं की पहारेकऱ्यांना कडक वागा म्हणून आधीच पढवलं होतं, ढिलं वागणाऱ्याला टोचून टोचून उठवलं होतं. यावर जास्त वेळ घालवत नाही.

आता डेन्मार्क. इथे मात्र बसायचंय, कारण फॉरवर्डमधला हा एकच मुद्दा असा की तो वाचून मलाही आधी धस्स झालं. लिहिलंय, ‘डेन्मार्कमध्ये १४ हजार दत्तक मुलांच्या अभ्यासाने सिद्ध झालं की गुन्हेगाराचं मूल कितीही चांगल्या घरात वाढवा, ते गुन्हेगारच निघतं.’ अभ्यास खरा आहे. मेडनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला, १९८४ मध्ये ‘सायन्स’ या मासिकात छापून आला. डेन्मार्कमध्ये १९२४ ते १९४७ या काळात नात्याबाहेर दत्तक गेलेल्या १४,४२७ जणांच्या नोंदी त्यांनी काढल्या. जन्मदाते कोण, वाढवणारे कोण, कुणाकुणाला कोर्टात शिक्षा झाली, सगळं सरकारी दप्तरातून. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने आकडा उचलला आणि तक्ता टाकून दिला. तक्ता असा आहे.

ज्या मुलग्यांच्या जन्मदात्यांनाही शिक्षा झालेली नव्हती आणि वाढवणाऱ्यांनाही नव्हती, त्यांच्यातल्या १३.५ टक्क्यांना पुढे कधीतरी शिक्षा झाली. जन्मदात्यांपैकी कुणाला झालेली पण वाढवणारे सरळ, अशा घरांतल्या २० टक्क्यांना. जन्मदाते सरळ पण वाढवणाऱ्यांना शिक्षा झालेली, तिथे १४.७ टक्के. आणि दोन्हीकडे शिक्षा झालेली, तिथे २४.५ टक्के.

नीट वाचा. खुद्द गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाचं रक्त अंगात असलेल्या १०० मुलग्यांपैकी ८० जणांना जन्मात एकदाही शिक्षा झाली नाही. ऐंशी! ‘गुन्हेगारच निघतं’ कुठून आलं मग? उलट दोन्हीकडून धुतल्या तांदळासारखं रक्त असलेल्या १०० मधून तेरा-चौदा निघालेच की, त्यांचं रक्त कुणाचं बोललं? फरक आहे तो १०० मागे साडेसहाचा. आणि तोही चोरी, फसवणूक अशा मालमत्तेच्या गुन्ह्यांत, मारामारी आणि खुनाच्या गुन्ह्यांत जन्मदात्यांशी असा संबंध त्यांना सापडला नाही. ज्या आकड्याच्या जोरावर तुम्ही पोराला खुनी ठरवता, त्या आकड्यातला फरक खुनाचा नाहीच आहे.

आता प्रामाणिकपणे एक कडू घोट मलाही गिळायचाय. तो साडेसहाचा फरक शून्य नाही. आणि तिसरा आकडा परत बघितला तर वाढवणाऱ्यांना शिक्षा झालेली असून मुलगा सरळ रक्ताचा असला तर टक्का १३.५ वरून १४.७, म्हणजे जवळपास तिथेच. ‘मूल म्हणजे मातीचा गोळा, द्याल तो आकार’ असं दर पालकसभेत सांगणारी मी, मला हा तक्ता काही फार खूश करत नाही. पण मला खूश न करणं वेगळं आणि काकांचं म्हणणं सिद्ध होणं वेगळं.

शिवाय हा अख्खा तक्ता आपल्याला कशाला लागू आहे? आश्रमातल्या मुलाचे आईबाप गुन्हेगार होते हे कुणी सांगितलं तुम्हाला? कायद्यात ती मुलं तीन प्रकारची: अनाथ, टाकलेली, आणि आईबापांनी स्वतः बालकल्याण कमिटीसमोर येऊन स्वाधीन केलेली. स्वाधीन केल्यावर सुद्धा परत न्यायला त्यांना दोन महिन्यांची मुदत असते. गरिबी, आजारपण, लग्नाआधीचं मूल, एकटी पडलेली बाई. यातला गुन्हा कुठला ते दाखवा. मूल टाकावं लागलं हा गुन्हा आईचा की तिला एकटं पाडणाऱ्यांचा, तो विषय आज काढत नाही, लांबेल.

‘खुनी जीन’ एका दमात संपवते. एमएओए नावाचं जनुक, त्याचा एक मंद चालणारा प्रकार. न्यूझीलंडमधल्या ड्यूनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा जन्मापासून पाठपुरावा चाललाय, त्यातल्या मुलग्यांवर २००२ मध्ये कॅस्पी वगैरे मंडळींनी हेच तपासलं. निघालं काय, तर तो प्रकार अंगात आणि लहानपणी मारहाण, हाल, असं दोन्ही असलं तर मोठेपणी हिंसक होण्याची शक्यता बरीच वाढते. तोच प्रकार अंगात पण लहानपण धड गेलेलं, तर काही फरक नाही. जीन ज्या पुराव्याने ‘खुनी’ ठरवला त्या पुराव्याचाच हा निम्मा भाग, तो फॉरवर्डमधून गाळलेला. आणि हा मंद प्रकार तिथल्या साधारण तीनातल्या एका पुरुषात सापडतो, तेव्हा तो बाळगणारे कितीतरी जण आज नातवंडं खेळवत बसले असतील.

जुळ्यांचा मुद्दा मान्य. म्हणजे अर्धा मान्य, दातओठ खात. अमेरिकेत ओहायोमधले दोन जुळे भाऊ, जन्मल्यावर चार आठवड्यांत वेगळे झालेले, दोन घरांत वाढलेले, १९७९ मध्ये ३९ व्या वर्षी भेटले तर दोघांचंही नाव जिम, दोघांच्याही पहिल्या बायकोचं नाव लिंडा, दुसरीचं बेटी, लहानपणीच्या कुत्र्याचं नाव टॉय. फॉरवर्डला हे फार आवडलंय. आता लिंडाचा जीन कुठल्या गुणसूत्रावर असतो ते मला कुणी सांगा, की तिच्या बापाने नाव ठेवलं तेही या दोघांच्या रक्तात होतं? योगायोग गोळा करायला बसलं तर दोन अनोळखी फोंडेकरांत पण पन्नास निघतील. पण त्यानंतर मिनेसोटा विद्यापीठात बुशार्ड यांनी वेगळ्या वाढलेल्या जुळ्यांचा वीस वर्षं अभ्यास केला, तो गंभीर आहे, आणि त्यात स्वभाव, बुद्धी, रागीटपणा, लाजाळूपणा यांत जनुकांचा वाटा चांगलाच मोठा निघाला. ज्याला दोन मुलं आहेत त्याला हे अभ्यासाशिवाय माहीत असतं. माझा थोरला जन्मल्यापासून भांडखोर, धाकटी जन्मल्यापासून शहाणी, आणि दोघांना वरण एकाच टोपातलं. तर स्वभावाचा कल घेऊन मूल येतं, मान्य. पण भांडखोर मुलगा गुंड होतो, फुटबॉलच्या मैदानात बॅक होतो की वकील होतो, हे कलावर लिहिलेलं नसतं. आणि गंमत अशी की ते दोन्ही जिम काय होते? दत्तक मुलं! परक्या घरांत वाढली, आणि दोघांनीही काही काळ शेरीफच्या हाताखाली, म्हणजे पोलिसाचं काम केलं. दत्तक घेऊ नका सांगायला यांना सापडले कोण, तर दत्तक गेलेले दोन पोलीस.

कर्ण. यावर तर मला खरोखरचा राग आलाय, कारण काकांनी आम्हाला लहानपणी महाभारत वाचून दाखवलंय, देवळाच्या ओसरीवर बसून, आणि तेच आज पाठवतात की ‘सूताघरी वाढला तरी क्षत्रियच राहिला, रक्त लपत नाही’. काका, उद्योगपर्व काढा परत. कृष्ण कर्णाला बाजूला घेऊन सांगतो की तू कुंतीचा मुलगा, पांडवांचा थोरला, चल, राज्य तुझंच. तेव्हा कर्ण काय म्हणतो? म्हणतो की मला घरी आणल्यावर मायेने राधेला पान्हा फुटला, माझं मलमूत्र तिने काढलं, माझे जातकर्मापासूनचे संस्कार अधिरथाने केले, नाव त्यांनी ठेवलं, लग्नं त्यांनी लावली, आता अख्खी पृथ्वी दिली, सोन्याच्या राशी ओतल्या तरी हे नातं तोडणार नाही. रक्त साक्षात कृष्णाच्या तोंडून बोललं, आणि कर्णाने त्याला नको म्हटलं! अख्ख्या महाभारतात ‘रक्त बोलतं’ याला यापेक्षा मोठं उत्तर नाही, आणि तुम्ही तेच उदाहरण उलटं टांगलंत. ज्या कृष्णासाठी अष्टमीला जागता तो तरी कुणाकडे वाढला? आणि ‘खाण तशी माती’ म्हणायचं तर प्रल्हादाची खाण कुठली हो?

आता ती नवी ओळ, भायल्यांची. ही आपल्या गोव्यातल्याच कुणीतरी जोडलीय, भाषेवरून कळतं. मी फोंडा तालुक्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे आता निम्म्याहून जास्त मुलं बाहेरून कामाला आलेल्यांची, कुणी गदगचं, कुणी विजयपूरचं, घरी कन्नड, वर्गात मराठी, रस्त्यावर कोंकणी, तिन्ही भाषांत भांडतात. गावातल्या ज्यांनी आपली मुलं इंग्रजी शाळेत घातली तेच आम्हाला विचारतात की ‘तसल्या’ मुलांना कसं काय सांभाळता. बावीस वर्षांच्या नोकरीवरून सांगते, खडू चोरणारे दोन्हीकडचे असतात, आणि चोरी पकडल्यावर रडणारेही दोन्हीकडचे. माझं हे निरीक्षण पुरावा नाही हे मला कळतं. पण जन्मावरून माणसं गुन्हेगार ठरवण्याचा मोठा प्रयोग या देशात होऊन गेलाय, तो तर पुरावा आहे ना? इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदाच केला, अमुक जमातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार, हजेरी लावा, परवानगीशिवाय हलायचं नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वस्ती केली होती. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्याने पुसला, म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात, आणि कागदावरून पुसूनही पोलीस चोरी झाली की अजून त्याच वस्तीत पहिल्यांदा जातात. आपल्याकडे पोर्तुगीज होते, तो कायदा इथे लागला नाही. मग आता व्हॉट्सअ‍ॅपवरून कशाला लागू करताय?

‘आश्रमाला देणगी द्या, पुण्य तेवढंच.’ सगळ्या फॉरवर्डमधलं सगळ्यात गोड वाक्य, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. कारण यात मुलाचं नुकसान होतं आणि देणाऱ्याला बरंही वाटतं. रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळात संस्थांमध्ये ढीगभर मुलं साठली होती, खायला मिळायचं, कपडे मिळायचे, पण एका बाईकडे इतकी पोरं की उचलून घ्यायला कोण? तो पडल्यावर, २००० सालापासून, बुखारेस्टमध्ये नेल्सन, फॉक्स आणि झीना या तिघांनी संस्थेतली १३६ बाळं घेतली, सहा महिन्यांपासून साधारण अडीच वर्षांपर्यंतची, आणि चिठ्ठ्या टाकून निम्मी सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवली. चिठ्ठी हे महत्त्वाचं, म्हणजे ‘चांगल्या रक्ताची तेवढी निवडून नेली’ असं म्हणायला जागा नाही. साडेचार वर्षांची झाल्यावर बुद्ध्यांक मोजला: संस्थेत राहिली त्यांचा सरासरी ७३, कुटुंबात गेली त्यांचा ८१, आणि जन्मापासून आपल्याच घरी वाढलेल्या तिथल्या मुलांचा १०९. आणि दोन वर्षांच्या आत जी घरात गेली ती जास्त सावरली. १०९ पर्यंत पोचली नाहीत हेही लिहायला हवं, दत्तक घेतलं की सगळं छान होतं असं मी म्हणत नाही, सुरुवातीच्या उपेक्षेची खूण राहते, भावाच्या पोराला अजून रात्री दार लागल्याचा आवाज झाला की दचकून उठायची सवय आहे. पण मुद्दा हा की काका, ‘घाई करू नका’ हा सल्ला जमीन घेताना ठीक आहे. इथे घाईच करायची असते. तुमचा मेसेज आला तेव्हा त्या ४८ तासांतले नऊ-दहा तास गेलेच होते.

(त्या रात्री आमच्याकडे लाइट गेलेले, भावाने मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवून ‘हो’ केलं, बॅटरी सात टक्के. हे घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.)

आणि तो मूळ प्रश्न, माणूस मुळात चांगला की वाईट? मला वाटतं प्रश्नच जरा बावळट आहे, पण टाळला म्हणायला नको. मी आधी इथे तो डोळे चिकटवलेल्या लाकडी ठोकळ्यांचा प्रयोग लिहिणार होते, २००७ चा, सहा महिन्यांची बाळं दुसऱ्याला मदत करणारा ठोकळा निवडतात म्हणून गाजलेला. लेकीने शोधून दिलं की अलीकडे कितीतरी प्रयोगशाळांनी मिळून हजारावर बाळांवर तो परत करून बघितला तर निम्मी इकडे, निम्मी तिकडे. म्हणजे तो काढला. आपल्या बाजूचा आहे म्हणून ठेवायचा तर माझ्यात आणि फॉरवर्डमध्ये फरक काय. पण वार्नेकन आणि टोमासेलो यांनी २००६ मध्ये दीड वर्षाच्या २४ मुलांसमोर कपडे वाळत घालताना क्लिप पाडायची, हात पोचत नाही असं दाखवायचं, असल्या गोष्टी केल्या, कुणी सांगितलं नाही, बक्षीस नाही, तरी २४ पैकी २२ जणांनी निदान एकदा तरी मदत केली. भावाचा पोरगा तर रोज करतो. दोरीखाली उभा राहून क्लिपा देतो, न मागता, तोंडात घालून ओल्या केलेल्या. आणि तोच आमचा, बिस्किटाचा पुडा हातात असला तर सख्ख्या आजीला अर्धं बिस्कीट देत नाही. दोन्ही त्याच्यात आहे, यातलं काय वाढेल ते घरात रोज काय चालतं त्यावर बरंचसं ठरेल, आणि थोडं त्याच्या त्याच्यावरही.

धाकाबद्दल दोनच ओळी, कारण शिक्षकांना हे माहीत असायला हवं आणि हात जोडणाऱ्यांना बहुधा नाही. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, कलम १७. आणि फटके देण्यावरच्या ७५ अभ्यासांतल्या दीड लाखाहून जास्त मुलांचा हिशोब २०१६ मध्ये एकत्र मांडला गेला, त्यात मार खाणारी मुलं जास्त आक्रमक आढळली, कमी नाही. वरचा न्यूझीलंडचा जीन आठवा. ज्या पोरात खरंच तसलं काही असेल त्यालाच धाकात ठेवा सांगताय, म्हणजे काडी तुम्हीच लावताय.

आता शेवटचं, ज्यामुळे हे सगळं लिहायला बसले ते. पोरगा दोन वर्षांचा झालाय. गेल्या आठवड्यात तो शेजारच्या मुलीला चावला, दंडाला, चांगले दात उमटले. आमच्या एका नातेवाईक बाईंनी (नाव घेत नाही, ग्रुपवर आहेत) लगेच मान हलवली, बघ, म्हटलं होतं ना, रक्त. माझा थोरला याच वयात बालवाडीत तीन पोरांना चावला होता, एकाला तर गालाला, आणि तेव्हा याच बाई तीन वेळा म्हणाल्या होत्या, अगो, दाढा येताहेत त्याच्या.

मी काल जाऊन बोट घालून बघितलं. खालच्या दाढा येताहेत, दोन्ही बाजूंनी, हिरडी टम्म सुजलीय. मलाही चावला.